कोपर आणि गुडघ्याच्या मधली जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वजन 61 किलो, आठ महिने गी (जाड कापडाचा जाकीट-पँटचा पोशाख) घालून ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे मुख्यतः जमिनीवरच्या झटापटीचा, सराव. कुणी साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे बाजूने छातीवर आडवं पडून, धरलं की राउंड संपेपर्यंत सुटका होत नाही, ढकलून ढकलून दंड भरून येतात. आणि कधी तुम्ही वर आलात तर समोरचा दोन-तीन सेकंदांत निसटतो. ताकद कमी पडतेय की ब्रिज (खालून कंबर उचलून दिलेला धक्का) चुकतोय, असं तुम्ही विचारलंय.

ताकद कमवा, ती वाया जात नाही. पण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते दंडात नाही. खाली असताना तुमचं कोपर तुमच्या गुडघ्यापासून लांब गेलेलं असतं. वर असताना समोरच्याचं कोपर तुम्ही त्याच्या गुडघ्याला भेटू देता. मी चौदा वर्षं हा खेळ खेळतोय, त्यातली आठ शिकवतोही आहे. दाबून धरणं आणि दाबातून सुटणं याबद्दल मला जे काही कळलंय ते सगळं या एवढ्याशा जागेभोवती फिरतं.

आत्ता घरीच करून बघा. जमिनीवर कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, कोपरं मांड्यांना लागू द्या. आता घरातल्या कुणाला तरी तुमच्या छातीला छाती लावायला सांगा. जमणार नाही, मधे तुमच्या नडग्या आणि हात येतात. मग उताणे व्हा, पाय सरळ सोडा, हात डोक्याकडे न्या, आणि त्याच माणसाला पुन्हा बोलवा. तुमच्यापेक्षा हलका असला तरी तो आता जड लागेल. त्याचं वजन तेवढंच आहे. फरक फक्त कोपर आणि गुडघा यांच्यातल्या अंतरात पडला.

मी तालमीतून आलो. अठराव्या वर्षापर्यंत लाल मातीत होतो, आणि मातीत पाठ टेकली की विषय संपला, तुम्ही चीत. त्यामुळे पाठ लागतेय असं वाटलं की डोक्यात विचार यायच्या आत शरीर पालथं होतं. जिउ-जित्सूच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी तेच केलं. साइड कंट्रोलमध्ये धरलं, मी जोर लावून पालथा झालो, समोरच्याने पाठ घेतली, दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवले आणि गळ्याभोवती हात. त्या वर्षी किती वेळा टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली, याला गणतीच नाही, आणि तरी कितीतरी महिने मला वाटत होतं की मी जिथून सुटायचं तिथून सुटतोय, गळ्याचा बचाव तेवढा कच्चा आहे. तुम्ही तालमीत गेला नसाल, तरी दडपण आलं की पाठ फिरवायची ही सवय सगळ्यांच्यात असते. हलक्या माणसांत जरा जास्तच. आधी ती ओळखा.

खांदे टेकले म्हणजे हरलो नाही, हे या खेळाच्या इतिहासातूनच आलंय. ज्यूदोमध्ये आजच्या नियमाने 20 सेकंद धरून ठेवलं की इप्पोन, लढत संपली. कोडोकानचा, म्हणजे ज्यूदोच्या मूळ शाळेचा, मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेममध्ये स्थायिक झाला, आणि त्याच्याकडून व त्याच्या शिष्यांकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबापर्यंत गेली. तिथे ती ज्या लढतींमध्ये तावून-सुलाखून निघाली, त्यांत ठोसे चालायचे आणि पुष्कळदा वेळेची मर्यादाच नसायची. अशा लढतीत नुसतं धरून ठेवण्याला किंमत नाही. धरून पुढे काय करता येतं, याला आहे. आजचे गुण त्याच हिशेबाने पडतात. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत माउंटला (अंगावर स्वार होऊन बसण्याला) 4, मागून पाय अडकवून पाठ घेतली तर 4, नी ऑन बेलीला (पोटावर गुडघा रोवण्याला) 2, गार्ड, म्हणजे खालच्याने मधे धरलेले पाय, ओलांडून पास केला तर 3, आणि प्रत्येक जागी तीन सेकंद टिकायला हवं. साइड कंट्रोलमध्ये पाच मिनिटं बसून राहिलात तर त्या बसण्याचा एकही गुण नाही, मिळाले ते पासचे. आणि खालून सुटून गार्ड परत मिळवला तर त्याचाही गुण नाही. माउंटखालून उलटवून वर आलात तरी स्वीपचे (खालून उलटवून वर येण्याचे) 2 मिळत नाहीत, कारण स्वीप गार्डमधूनच मोजला जातो. सुटकेचं बक्षीस एवढंच की तुम्ही अजून लढतीत आहात. म्हणून कुणी उत्साहाने सुटका शिकत नाही, आणि म्हणूनच ज्याला ती येते तो बाकी सगळं निर्धास्तपणे खेळतो.

ब्राझीलमध्ये साइड कंट्रोलला बोलीत ‘सें कीलूस’ म्हणतात, म्हणजे शंभर किलो. नाव बरोबर आहे. खालच्याला तसंच वाटतं.

आता खालची बाजू. बहुतेक जण सुटायला सुरुवात करतात ती समोरचा पूर्ण बसल्यावर. तोवर त्याने तीन गोष्टी केलेल्या असतात. तुमच्या मानेखालून हात घालून खांदा जबड्यावर रोवलेला असतो, म्हणजे क्रॉसफेस. दुसऱ्या हाताने तुमच्या पलीकडच्या बगलेत अंडरहुक, म्हणजे खालून विळखा, घेतलेला असतो. आणि कंबर खाली सोडून, गुडघा किंवा मांडी तुमच्या कमरेशी लावून तुमच्या जवळच्या गुडघ्याची वाट बंद केलेली असते. यातली सगळ्यात घातक गोष्ट पहिली. तोंड जिकडे वळतं तिकडे शरीर वळतं. त्याने तुमचं तोंड पलीकडे वळवलं की त्याच्याकडे कुशीवर वळणं जवळजवळ अशक्य, आणि त्याच्याकडे वळल्याशिवाय गुडघा आत येत नाही.

म्हणून पहिलं काम पास होत असतानाचं. गार्ड गेला हे मनात मान्य करा, पण पाठ सपाट टेकू देऊ नका. त्याच्याकडच्या कुशीवर राहा. त्याचा जो हात तुमच्या डोक्याकडे येतोय त्याच्या दंडावर, कोपराच्या जरा वर, तळहात लावा. क्रॉसफेस नाही मिळाला तर त्याचं साइड कंट्रोल अर्धंच झालं. या अर्ध्या सेकंदात केलेली गोष्ट नंतरच्या दोन मिनिटांच्या धडपडीपेक्षा मोलाची आहे. नवशिक्यांनी शंभरपैकी नव्वद वेळा हा क्षण हातचा घालवलेला मी बघतो, कारण ते अजून गेलेल्या गार्डवर हळहळत असतात.

समजा बसलाच. मग हातांच्या फ्रेम. तुमच्या त्याच्याकडच्या हाताचा पुढचा भाग त्याच्या कमरेच्या हाडाला, तुमच्या दुसऱ्या हाताचा पुढचा भाग त्याच्या गळ्याशी, जबड्याखाली. दोन्ही कोपरं तुमच्या बरगड्यांच्या जवळ. फ्रेम म्हणजे ढकलणं नाही, हे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळा सांगतो. घराच्या छपराला लावलेला टेकू छप्पर ढकलत नाही. तो नुसता उभा असतो, वजन हाडातून जमिनीत जातं. तुम्ही हात सरळ करून छाती ढकलता तेव्हा एक तर स्नायू एका मिनिटात संपतात, आणि दुसरं म्हणजे सरळ झालेला हात हाच आर्मबारचा, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या पेचाचा, हात. तुमचे दंड भरून येतात ते यामुळेच.

ब्रिजचं विचारलंत. ब्रिज चुकतोय, पण तुम्हाला वाटतंय तसा नाही. साइड कंट्रोलमध्ये ब्रिज माणूस उडवायला नसतोच. टाचा कुल्ल्यांजवळ घ्या, कंबर उचला, आणि सरळ वर न जाता एका खांद्यावर, त्याच्या दिशेने तिरके जा. त्याचं वजन क्षणभर वर जातं, तो तोल सांभाळायला जरा मोकळा होतो. तेवढ्या क्षणात फ्रेम आत सरकवायच्या. मग तुमची कंबर खाली येताना आली त्याच जागी आणायची नाही, वीतभर लांब न्यायची. हेच श्रिंप. ब्रिज आणि श्रिंप अशा दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सराव केलात तर दोन्ही येतील आणि सुटका येणार नाही. वर जाणं आणि लांब जाणं ही एकच हालचाल आहे, मधे थांबलात की तो परत बसला. पोर्तुगीजमध्ये याला कमरेचं पळणं अशा अर्थाचं नाव आहे, आणि मला ते फार नेमकं वाटतं. हातांनी त्याला लांब करायचं नसतं. आपण पळायचं असतं, हात फक्त त्याला मागे येऊ देत नाहीत.

जागा झाली की त्याच्या जवळचा गुडघा, म्हणजे तुम्ही ज्या कुशीवर आहात त्या बाजूचा, त्याच्या पोटाच्या आडून आत, थेट तुमच्या कोपराच्या भेटीला. कोपर आणि गुडघा भेटले की साइड कंट्रोल संपलं, मग तो कितीही जड असो. नडगी आडवी येते, दुसरा पाय बाहेरून येतो आणि गार्ड मिळतो. एका श्रिंपमध्ये झालं नाही तर दोन, तीन. मोठ्या माणसाखाली मला अजूनही तीन लागतात.

कधीकधी तो तुमचा गुडघा अडवण्यात इतका गुंततो की वरची बाजू सैल सोडतो. तेव्हा गळ्याशी असलेला हात त्याच्या बगलेखालून घाला, त्याच्याकडे वळत गुडघ्यांवर या आणि पायात शिरा. कुस्ती खेळलेल्यांना हे आवडतं, कारण इथून पुढे सरळ पट काढायचा असतो. माझी निम्मी सुटका याच रस्त्याने होते. एक सावधगिरी : डोकं त्याच्या बरगड्यांना घट्ट लावून वर या. मान लांब करून, हात ढिला ठेवून वर आलात तर गळा त्याच्या हातात आयता जातो.

नी ऑन बेलीबद्दल फार लिहीत नाही. गुडघा दोन्ही हातांनी ढकलू नका, हात जातात. त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाताचा पुढचा भाग लावून कंबर लांब न्या आणि त्याच्याकडे वळा. स्कार्फ होल्ड, ज्यूदोतलं केसा गातामे, यात मात्र आधी आपलं अडकलेलं कोपर जमिनीकडे ओढून घ्या. ते त्याच्या काखेत राहिलं तर बाकी काहीच चालत नाही.

माउंटमध्ये पहिली चूक तीच, छाती ढकलणं. तिथे दोन जुने मार्ग आहेत आणि ते जोडीनेच चालतात. एक उपा : त्याचा एक हात कोपराजवळ पकडून छातीशी बांधा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवा, आणि त्या खांद्यावरून तिरका ब्रिज. त्या बाजूला टेकायला त्याच्याकडे हातही नाही, पायही नाही, म्हणून तो पडतो. हात मोकळा राहिला तर तो टेकेल आणि तुमचा दम जाईल. दुसरा, कोपर-गुडघा : कुशीवर वळा, कोपर त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला लावा, कंबर मागे नेऊन आपला गुडघा त्या फटीतून वर काढा. आधी हाफ गार्ड मिळतो, म्हणजे त्याचा एक पाय आपल्या पायांत अडकतो, त्यावर समाधान माना, मग पूर्ण गार्ड. पहिल्या धक्क्याला त्याने हात टेकले की त्याचे गुडघे हलके होतात, तेव्हा दुसरा मार्ग उघडतो. दुसऱ्याला तो खाली दाबून बसला की पहिला उघडतो.

हे दोन्ही चालतात ते तो कमरेवर बसलाय तोवर. तो वर चढत चढत गुडघे तुमच्या बगलेत घालतो तेव्हा काय होतं, ते त्याच ग्रेसी कुटुंबातल्या रॉजर ग्रेसीच्या लढतींमध्ये बघा. 2009 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्याने आपला वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले, तेही एकामागून एक प्रतिस्पर्ध्याला टॅप करायला लावून, आणि त्याचं मुख्य हत्यार होतं माउंटवरून कॉलरचा क्रॉस चोक, म्हणजे हात एकमेकांवरून नेऊन कॉलरने गळा आवळणं. हा चोक पहिल्या महिन्यात शिकवतात. काय येणार हे समोरच्या प्रत्येक ब्लॅक बेल्टला माहीत होतं. तरी थांबवता येईना, कारण बगलेत गुडघा गेला की कोपर वर उचललं जातं, आणि उचललेलं कोपर गुडघ्याला कधीच भेटत नाही. म्हणून उंच माउंटमध्ये गळा सांभाळत आधी कोपरं खाली, आपल्या बरगड्यांकडे आणा. छोटे ब्रिज मारत त्याला पुन्हा कमरेवर उतरवा. सुटका त्यानंतर.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते 61 किलोच्या माणसासाठी हाच अधिक रंजक आहे. वर गेल्यावर तुम्ही काय करता याचा मी अंदाज सांगतो : दोन्ही हातांनी मान आवळून धरता, गुडघे मॅटवर टेकवता आणि जिवाच्या आकांताने घट्ट राहता. टेकलेल्या गुडघ्यांतून तुमचं वजन मॅटमध्ये जातंय, त्याच्या छातीवर नाही. पाय मागे सोडा, गुडघे उचला, पायांची बोटं मॅटमध्ये रुतवा आणि छाती त्याच्या उरावर पुढे ढकला. तेच 61 किलो त्याला वेगळे लागतील. खांदा जबड्याखाली, त्याचं तोंड पलीकडे. आणि दुसरा हात मानेभोवती वाया घालवू नका. तो त्याच्या कमरेशी असू द्या, नाहीतर पलीकडच्या बगलेत.

मग पाचर मारायची. त्याचं जवळचं कोपर आणि जवळचा गुडघा यांच्या मधे तुमचं काहीतरी हवं : गुडघा, मांडी, तळहात, काहीही. तो भेट घडवायला धडपडेल, तुम्ही तेवढीच एक भेट टाळायची. तुमचं वजन कमी आहे, म्हणून एका जागी दाबून ठेवण्याचा हट्ट सोडा. नव्वद किलोच्या माणसाचा ब्रिज तुम्ही अडवू शकत नाही, पण त्याच्यावरून घसरून दुसरीकडे बसू शकता. तो तुमच्याकडे वळू लागला तर क्रॉसफेस घट्ट करा, गुडघा आत येतोय असं दिसलं तर त्याच्या डोक्याकडून फिरून नॉर्थ-साउथला (छातीवरच, पण पाय त्याच्या उलट दिशेला) जा, त्याने ढकललं तर त्या ढकलण्यावरच उठून गुडघा पोटावर ठेवा. आणि तो पालथा होऊ लागला, माझ्यासारखा, तर अडवू नका. होऊ द्या, पाठ घ्या. पाठीवर वजनाचा फरक सगळ्यात कमी पडतो. हलक्या माणसाने वरून खेळताना मनात शेवटचा मुक्काम नेहमी पाठ ठेवावा, हे माझं ठाम मत आहे, आणि यावर माझे काही सहकारी वाद घालतात. त्यांचं वजन पंच्याऐंशीच्या पुढे आहे.

सराव कसा करायचा तेही सांगतो, कारण नुसत्या रोलमध्ये, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, हे येत नाही. पूर्ण राउंडमध्ये तुम्ही साइड कंट्रोलखाली एकदा जाता आणि तिथेच राहता, म्हणजे सुटकेचा एकच प्रयत्न झाला. त्याऐवजी जोडीदाराला सांगा : तीन मिनिटं, सुरुवात साइड कंट्रोलमधून. तुम्ही गुडघा आत आणला की थांबा, पुन्हा तिथूनच सुरू. त्याने पाठ किंवा माउंट घेतला की पुन्हा तिथूनच सुरू. पहिले दोन आठवडे फ्रेम आधीच लावून सुरुवात करा, आणि जोडीदार आपल्याच वजनाचा घ्या. मग क्रॉसफेस देऊन. मग जड जोडीदार. मग बाजू बदला आणि तुम्ही धरा. दहा मिनिटांत पंधरा-वीस प्रयत्न होतात, एरवी तेवढ्याला महिना लागतो.

खाली असताना श्वास तोंड मिटून, छोटा छोटा सोडा. उताण्यापेक्षा कुशीवर छाती जास्त फुलते, हे आणखी एक कारण कुशीवर राहण्याचं. आणि नुसत्या दाबाला टॅप करण्यात कमीपणा मानू नका. सहाव्या वर्षी एका जड जोडीदाराखाली मी श्वास पूर्ण सुटलेला असताना, कंबर पिळलेली असताना जोर लावून सरळ वर ब्रिज मारला. बरगडीजवळ कट् असा आवाज झाला, आणि सहा आठवडे मला नीट शिंकताही येत नव्हतं. चूक पूर्ण माझी होती. तालमीतली सवय असेल तर आणखी एक : मातीत आपण डोक्यावर पूल करतो, तो मानेच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर उभा असतो. ती मेहनत नसेल तर क्रॉसफेसखाली मानेवर ब्रिज करू नका, खांद्यावरच करा.

शेवटचं काम : पुढच्या वेळी कुणाला तरी तुमचा राउंड मोबाइलवर घ्यायला सांगा. घरी तो बघताना अडकलेला भाग सोडून द्या, त्याच्या आधीचे दहा सेकंद हळू करून बघा. तुमचं कोपर बरगडीपासून पहिल्यांदा कधी सुटलं तो क्षण शोधा. माझा अंदाज आहे, तेव्हा तुमचा गार्ड अजून शाबूत असेल.